मुकुटबनकडून येताना उजव्या हाताला

पांढरकवड्यात भाड्याची खोली मिळवण्यासाठी मी एकदा दगड चाटला आहे. हे वाक्य मी आजवर अनेक मैफलींत टाकलं आणि ते कधी वाया गेलं नाही. समोरच्याच्या हातातला चहाचा कप खाली जातो, माझी बायको कपाळाला हात लावते आणि मी खुर्ची थोडी पुढे ओढतो.

बँकेनं माझी बदली तिकडे केली होती. मी मूळचा नेरचा. कापसाच्या बाजारात लहानाचा मोठा झालो, त्यामुळे एकाचे चार करून सांगणं माझ्या अंगवळणी पडलेलं. शाखेतल्या शिपायानं खोली सुचवली आणि वर म्हणाला, "घर चांगलं हाय साहेब. फक्त मालकाले गोट्यायचा नाद हाय. चाट म्हणले तर चाटून घ्या." मला वाटलं, नव्या साहेबाची गंमत करतोय.

गेलो तर ओसरीभर दगड. खिडकीत दगड, देवळीत दगड, तुळशीभोवती दगड. पाहुण्यांना बसायला दोन मोठे गोल दगड. त्यांची हकिकत पुढे येईल. मालक म्हणजे निवृत्त एसटी ड्रायव्हर. बुटके, रुंद, खाकी पँट अजून न सोडलेले. बोलताना त्यांचा डावा हात हवेत गिअर बदलत असे. मुद्दा चढणीला लागला की हात खटकन मागे यायचा, मुद्दा संपला की न्यूट्रल. मी त्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हणत आलो.

"काका, मी खोली पाह्यले आलो."

"खोली कुठी पळून राह्यली? बस." त्यांनी ताटलीत सुपारीएवढे दोन खडे पुढे केले. "यातला एक गोटा हाय, एक हाड हाय. कोणतं हाड ते सांग. हातानं नाही. जिभेनं."

मी इकडेतिकडे पाहिलं. दारात काकू उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर, आता हाही चाटणार, असा थकलेला विश्वास होता. मी पहिला खडा जिभेला लावला. धूळ. दुसरा लावला, आणि तो सुटेना! ओढला तर जीभ बरोबर यायला लागली.

"हा, हा," मी खडा जिभेवर घेऊनच ओरडलो.

"झाला पास," काका आत बघून म्हणाले.

काकूंनी पाण्याचा तांब्या दिला. "मागचा तर ओकला होता बाप्पा," त्या म्हणाल्या.

यात जादू काही नाही. जुन्या हाडाला बारीक बारीक भोकं असतात, ती ओल शोषतात, म्हणून ते जिभेला धरतं. साधा दगड धरत नाही. शिकलेसवरलेले भूशास्त्रवालेही ही युक्ती करतात. फक्त ते तिच्यावर भाडेकरू निवडत नाहीत.

काका बंजारा तांड्यातले. आता त्यांच्या दोन्ही भावांची शेती आहे, तूर-सोयाबीन आहे, पण पूर्वज फिरस्ते. "आमचे आजे-पणजे बैलायवर मीठ लादून मुलूखभर हिंडले," काका सांगत. "मी एसटीत गोटे लादून हिंडलो. वाहून नेनं रक्तातच हाय, त्याले काय करू?" त्यांच्या घरात गोरबोली आणि वऱ्हाडी एकाच वाक्यात नांदायची. नवा दगड घरात आला की आतून काकूंचा आवाज यायचा, "काई छ ई?" म्हणजे हे काय आहे, आणि काकांचं उत्तर ठरलेलं असायचं, "पाव्हना."

त्यांची गाडी पांढरकवडा–मुकुटबन. रस्त्याचं काम निघालं, कुठे टेकडीला नवा कटाव पडला की गाडी थांबायची. इंजिन चालू, ड्रायव्हर खाली. कंडक्टर आत जाहीर करायचा, "बसा, साहेब हाडं पाह्यले गेले." तक्रारी डेपोत गेल्या तशाच विरल्या, कारण तक्रार करणारेच पुढे पिशवीतून गोटे आणून देऊ लागले. एकदा मात्र तांड्यावरची एक म्हातारी खवळली. खिडकीतून डोकं काढून ओरडली, "अबे ड्रायव्हर! तिकडे मायी सून अडून राह्यली अन् तू गोटे येचून राह्यला?"

"याडी, माय वो, हा साडेसहा कोटी वर्षं थांबला. तुया नातू घडीभर नाही थांबत?"

"हा थांबन! तो नाही थांबत!"

काकांना हे पटलं. गोटा तिथेच टाकून ते चढले आणि मधल्या एकाही थांब्यावर न थांबता त्यांनी गाडी सरळ दवाखान्यासमोर उभी केली. मधल्या थांब्यांवरच्या माणसांनी हात केले, काहींनी दगड मारले. त्यातला एक दगड काकांनी ठेवून घेतला. तो साधाच निघाला.

आता ते बसायचे गोल दगड. एका नाल्याच्या काठी काकांना ते मातीतून अर्धे वर आलेले दिसले. माठाएवढे, गुळगुळीत, शेजारी शेजारी. काकांनी ते एसटीत आणले, आमदारांसाठी राखीव असलेल्या सीटवर. डायनासोरची अंडी! गावात बातमी फुटली. एक बातमीदार आला तेव्हा काकांना राहवलं नाही. ते म्हणाले, कान लावला तर आतून टकटक ऐकू येते. झालं! ओसरीवर रांग लागली. नारळ फुटले. एका गृहस्थांनी घरची कोंबडी आणून वर बसवून पाहिली. ती बिचारी घसरत होती.

मग यवतमाळच्या एका कॉलेजातून प्राध्यापक आले. त्यांनी छोट्या हातोडीनं एका अंड्याला टोला दिला. कांद्यासारखा पापुद्रा सुटला. त्याखाली दुसरा. त्याखाली तिसरा. आपल्याकडचा काळा दगड कुजताना असा गोल होत जातो, हे त्यांनी शांतपणे समजावलं. काकूंच्या हातची ज्वारीची भाकर खाल्ली. निघताना म्हणाले, "काका, दगड ओळखण्यात भल्याभल्यांची चूक होते, त्याचं काही नाही. पण टकटक कुठून आली?"

तो प्रश्न काकांना लागला. मग त्यांनी दोन्ही अंडी ओसरीवर बैठकीसाठी मांडली आणि घरात कायदा केला: यापुढे दगडाच्या गोष्टीला मीठ लावायचं नाही. जिथं मिळाला तिथं मिळाला. जसा मिळाला तसा मिळाला. एवढंच.

कायदा मोठा होता, कारण दगडाची सगळी किंमत त्याच्या गावात असते. कोणत्या जागी, कोणत्या थरात तो होता हे माहीत असेल तर तो साक्षीदार. नसेल तर नुसता गोटा. काका याला म्हणायचे, "गाव हरपला की दगड पोरका." म्हणून त्यांनी प्रत्येक दगडावर ऑइलपेंटनं गावाचं नाव लिहून ठेवलं, एसटीच्या पाटीसारखं, ठळक. आणि एका दिवाळीच्या आधी, काका डेपोत असताना, काकूंनी सगळे गोटे अंगणात काढून तारेच्या घासणीनं लख्ख घासले.

"लय मळले होते," काकू आजही सांगतात. "अन् कोणी तरी रंग बी सांडला होता त्यायच्यावर."

काका आले, पाहिलं, खाली बसले. मग एकेक दगड हातात घेऊन त्याचं गाव आठवत राहिले. आठवली सगळी. पण त्यांना एक कळलं. मला म्हणाले, "पाटी पुसल्या जाते, बाबू. मानूस नाही पुसल्या जात."

आणि तेव्हापासून त्यांच्या घरी भाडेकरूला खोलीबरोबर एक दगड मिळू लागला. दगड त्यांच्याकडेच राहायचा. भाडेकरूनं त्याची गोष्ट पाठ करायची. दर रविवारी सकाळी चहाच्या वेळी आम्ही ओसरीवर जमायचो आणि अंड्यावर बसून म्हणून दाखवायचो. मागच्या खोलीतल्या नर्सबाईंकडे शंखांचा दगड होता, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचा. त्या तो औषधाच्या चिठ्ठीसारखा एका दमात वाचून टाकत. वरच्या खोलीतल्या ग्रामसेवकाकडे दगड झालेलं लाकूड. तो उभं राहून, हात मागे बांधून, शाळेतल्यासारखा म्हणायचा.

आणि मला काय मिळालं? घरातली सर्वांत मोठी चीज. नारळाएवढा, तपकिरी-जांभळा मणका. मी जो खडा चाटला होता, तो त्याचाच सुटलेला तुकडा. सगळ्या घरात मोठ्या प्राण्याचं हाड म्हणावं असं हे एकच. काका म्हणायचे, "याचं गाव इचारत कोणीतरी येनारच एक दिवस. तवा सांगता आलं पाह्यजे. तेवढ्यासाठी जगून राह्यलो समज."

"मग तो मलाच का? मी तर जास्त बोलतो."

"म्हनूनच. जो लय बोलते त्याले कमी बोलनं शिकवलं की तो विसरत नाही."

पाठ असा होता: मुकुटबनकडून पांढरकवड्याकडे येताना उजव्या हाताला. उतार संपतो तिथं मोरी. मोरीच्या अलीकडे सीताफळीची झुडपं. झुडपांमागे कटाव. वर काळा दगड, खाली पांढरट माती. त्या मातीत, कमरेएवढ्या उंचीवर, मणका.

आता तुम्हीच सांगा, ही काय गोष्ट झाली? माझ्यातला नेरचा बाजार हे कसं सहन करील? तिसऱ्याच रविवारी मी सुरुवात केली, "काका गाडी घेऊन निघाले. रस्ता सुनसान. एवढ्यात उतारावर समोर बघतात तर वाघ आडवा..."

"थांब. गाडी काहून थांबली होती?"

"पंक्चर झाली होती."

"मंग वाघ कुठून आला?"

"टिपेश्वरहून आला असेल. जवळच तर आहे जंगल."

"त्याले परत पाठव." डावा हात खटकन मागे. "पहिल्यापासून म्हन."

मी पुन्हा म्हटलं. वाघ गेला, पण त्याच्या जागी कंडक्टरची तिकिटं खाणारी बकरी आली. बकरीही परत गेली. नर्सबाई चहा पिऊन ड्यूटीवर गेल्या, ग्रामसेवक आंघोळ करून आला, तरी मी अंड्यावरच. ज्या रविवारी मी पाठ अगदी कोरडा, बिनवाघाचा म्हटला, त्या रविवारी काकूंनी शिरा केला होता. तो शिरा त्यासाठी होता की नाही, हे मी कधी विचारलं नाही. मी मात्र सगळ्यांना त्यासाठीच होता असं सांगतो.

निवृत्तीनंतर काकांना मोबाईल मिळाला आणि जगभरची हाडं त्यांच्या ओसरीवर येऊ लागली. कच्छमध्ये प्रचंड सापाचे मणके सापडल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. काकू म्हणाल्या, "बरं झालं मेला." काही डायनासोरांना पिसं होती हे कळल्यावर काका कोंबड्यांकडे वेगळ्या आदरानं पाहू लागले. चंद्रपूरकडे सापडणाऱ्या डायनासोरच्या शेणाच्या खड्यांत गवताचे अंश मिळाले, हे त्यांना सर्वांत आवडायचं. तसला एक खडा त्यांच्या खिडकीत होता. पाहुण्याचा चहा निम्मा झाला की ते तो त्याच्या हातात द्यायचे आणि संपला की काय आहे ते सांगायचे.

पण मध्य प्रदेशातली बातमी आली तेव्हा ते हसले नाहीत. तिथं गावकरी पिढ्यानपिढ्या ज्या गोल गोट्यांना कुलदैवत म्हणून पूजत होते, ती खरोखर डायनासोरची अंडी निघाली. काकांनी आपल्या बैठकीच्या दगडांकडे पाहिलं.

"पाय बाबू नशीब. त्यायचे गोटे अंडे निघाले, अन् माये अंडे गोटे."

पुढे माझी बदली यवतमाळला झाली. जाताना त्यांनी उशी, बादली, चावी काही तपासलं नाही. पाठ म्हणून घेतला.

गेल्या वर्षी काकांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. मी भेटायला गेलो तेव्हा ते मला ओळखून हसले, अर्ध्या तोंडानं. बोलायला गेले की फक्त "मु... मु..." यायचं. काकू म्हणाल्या, "पानी मांगतात का मुलगा मांगतात, समजतच नाही बाप्पा."

नंतर एका सकाळी काकूंचा फोन आला. "बाबू, तुया दगडाचे पावने आले. ये लवकर."

ग्रामसेवकानं कधीतरी मोबाईलवर टाकलेला मणक्याचा फोटो फिरत फिरत नागपूरला पोहोचला होता आणि तिथून एक संशोधक बाई जीप घेऊन आल्या होत्या. तरुण होत्या, बोलायला साध्या. मी पोहोचलो तेव्हा मणका मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"हा शेपटीचा मणका आहे, लांब मानेच्या डायनासोरचा, यात मला शंका नाही," त्या म्हणाल्या. "पण जागा कळल्याशिवाय मी याच्याबद्दल काही लिहू शकत नाही, सर. जागा मिळाली तर कदाचित बाकीचा प्राणीही तिथंच असेल. नाही मिळाली तर हा कपाटात जाईल, आणि राहील."

काका खाटेवर बसून हे ऐकत होते. डावा हात गुडघ्यावर घट्ट. "मु..." ते म्हणाले, आणि माझ्याकडे बोट केलं.

आम्ही सगळे जीपमध्ये बसलो. काका पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे बाई, काकू आणि मी. पांढरकवड्याहून निघालो, केळापूर मागे पडलं, आणि थोड्याच वेळात पाठ रस्त्याशी जुळेना. रस्ता रुंद झाला होता. सीताफळी नव्हती. मोरी एकाऐवजी दोन, दोन्ही नव्या, सारख्याच पांढऱ्या. दोन्हींना उतार. बाई उतरल्या, "उजव्या हाताला ना?" म्हणत उजवीकडचा काठ खरवडू लागल्या. काळा दगड, मुरूम, पुन्हा काळा दगड. काका काचेतून नुसते बघत होते. हा रुंद केलेला रस्ता त्यांच्या ओळखीचा राहिला नव्हता.

"सर, तुम्हाला नेमकं काय सांगितलं होतं? सगळं सांगा."

आता माझी अवस्था ध्यानात घ्या. समोर शिकलेला श्रोता, मागे जीपचा ड्रायव्हर, रस्त्यावर दोन मोटरसायकलवाले थांबलेले. आयुष्यात इतकं कान देऊन मला कोणी ऐकलं नव्हतं. वाघ माझ्या जिभेवर येऊन बसला होता. मी काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे असे बघत होते, जसे रविवारी सकाळी बघायचे.

मी हात मागे बांधले आणि म्हटलं, "मुकुटबनकडून पांढरकवड्याकडे येताना उजव्या हाताला..."

आणि थांबलो. आम्ही पांढरकवड्याकडून आलो होतो! आमची उजवी बाजू पाठातली डावी होती. माझ्या वाघाच्या गोष्टीत गाडी कुठून येते याला काही महत्त्व नव्हतं, वाघ दोन्हीकडून चालतो. पण पाठाचा पहिला शब्दच मुकुटबन होता. काकू मागून हळूच म्हणाल्या, "अवो... मु... मु..."

जीप तशीच मुकुटबनकडे नेली आणि वळवून परत आणली. पहिला उतार आला. काका स्वस्थ. दुसरा उतार आला. जीप खाली उतरू लागली, आणि काकांचा डावा पाय जीपच्या पत्र्यावर दाबला गेला, जिथं क्लच नव्हता. डावा हात उठला, जिथं गिअर नव्हता, आणि खटकन न्यूट्रलमध्ये आला.

ड्रायव्हरनं काही न विचारता गाडी उभी केली. ड्रायव्हरचा हात ड्रायव्हरला कळतो.

उजव्या हाताला गवत माजलेला काठ होता. बाईंनी गवत बाजूला केलं. वर काळा दगड. खाली पांढरट माती. त्या वाकल्या, कमरेएवढ्या उंचीवर खरवडत राहिल्या, आणि बऱ्याच वेळानं त्यांनी सुपारीएवढा जांभळट खडा काढून जिभेला लावला. मग त्या जीपपाशी आल्या आणि तो काकांच्या हातावर ठेवला.

काकांनी खडा जिभेच्या उजव्या बाजूला लावला. तो खाली पडला. त्यांचा चेहरा उतरला.

"अवो, ती बाजू मेली हाय तुमची," काकू ओरडल्या. "इकडून लावा ना, जित्या बाजूनं!"

काकूंनी खडा उचलला, पदरानं पुसला. काकांनी तो डावीकडे लावला आणि हात काढून घेतला. खडा तसाच राहिला. जीभ बाहेर, जिभेवर साडेसहा कोटी वर्षं, आणि काका अर्ध्या तोंडानं हसत होते. बाई फोटो काढत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मोटरसायकलवाले विचारत होते, म्हातारबाबाला काय झालं?

काकू माझ्याकडे वळल्या. "बाबू, आता गावभर सांगत फिरशीन तू. टाकशीन ना तुया वाघ?"

मी काकांकडे पाहिलं. खडा जिभेवर धरून त्यांनी क्षणभर विचार केला. मग डावा हात वर केला आणि भाजीत मीठ टाकताना धरतात तशी दोन बोटांची चिमूट धरून दाखवली.

तर त्या दिवशी, मोरीच्या पलीकडे, गवतात एक वाघ उभा होता. फार मोठा नव्हता.